चाळीस थाऊ

सुरुवातीलाच माफी मागतो. कामाच्या आठवणी लिहाव्यात त्या तीस-तीस वर्षं एका कामात घालवलेल्या माणसांनी. माझं वय बावीस आणि मी काम केलं ते जेमतेम सव्वादोन वर्षं, तेही कॉलेज सांभाळून, गेवराईच्या बायपासला रशीदमामूंच्या गॅरेजमध्ये. माझा बाप मेंढरं राखतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायलाही घरात कुणी नाही. आमच्या सरांनी या अंकाच्या संपादकांना माझं नाव सुचवलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा हो म्हणालो, कारण त्या सव्वादोन वर्षांतली एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. ती सांगायची तर आधी इंजिन सांगावं लागेल, आणि दत्ताबद्दल मला जे वाटायचं तेही सांगावं लागेल. त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे, जळणं.

रशीदमामूंकडे सगळ्या गाड्या यायच्या, पण त्यांचं नाव होतं ते जुन्या छोट्या गाड्यांसाठी. विशेषतः पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट. चार सिलिंडरचं, अकराशेला थोडं कमी सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, आणि बॉनेट उघडलं की आत उभं राहता येईल इतकी जागा. आता या गाड्या कुणी गरज म्हणून ठेवत नाही. वडिलांची आठवण म्हणून ठेवतात, लग्नात नवरदेव बसवायला ठेवतात, नाहीतर हट्ट म्हणून. हट्टवाले आले की म्हणायचे, "मामू, हिच्यात जरा जीव भरा." म्हणजे ताकद वाढवा.

ही ताकद येते कुठून, ते मला समजलं तसं सांगतो. इंजिन म्हणजे चार भाते. हवा आणि पेट्रोल आत ओढायचं, दाबायचं, ठिणगी टाकायची, धूर बाहेर फेकायचा. जितकं जास्त दाबाल तितका धक्का जोराचा. या गाड्या बनल्या त्या काळात पेट्रोल हलकं मिळायचं, म्हणून दाब मुद्दाम कमी ठेवलेला. तो वाढवायचा साधा मार्ग म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते खालून घासून पातळ करायचं. झाकण खाली आलं की आतली जागा कमी होते, दाब वाढतो. घासायचं ते लेथवर, आणि मोजायचं थाऊमध्ये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा एक केस दोन-तीन थाऊ जाडीचा असतो. कमी घासलं तर मेहनत वाया. जास्त घासलं तर पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि चढावर इंजिन पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखं वाजतं. मामू त्याला म्हणायचे, "दाने बज रहे." आणखी जास्त घासलं तर हेडच्या पोटात पाण्याच्या वाटा असतात, त्या उघड्या पडतात. मग ते हेड भंगारात.

इथपर्यंत सगळं वहीत बसतं. मला ते आवडायचं. मी मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला होतो आणि गॅरेजात सगळे मला "कॉलेज" म्हणायचे. "ए कॉलेज, बारा-तेराचा पाना दे." पण शेवटचं काम वहीत बसत नाही. हेड चढवलं, हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर बसवला, की ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचं प्रमाण कानानं जुळवायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं.

तो कान दत्ताला होता.

दत्ता माझ्याच वयाचा. माझ्याआधी चार वर्षांपासून मामूंकडे होता. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जायचे, त्याची शाळा दिवाळीला सुटायची ती थेट गुढीपाडव्यानंतर भरायची, आणि मग भरलीच नाही. त्याला अक्षर येत नव्हतं. पान्यावरचे इंग्रजी आकडे तो ओळखायचा, पण मेंढराच्या कानावरची खूण ओळखावी तसे. एवढं सोडलं तर त्याला सगळं यायचं. गाडी गेटमधून आत वळत असतानाच तो हातातलं काम न सोडता म्हणायचा, "तिसऱ्याचा प्लग गेलाय तिचा." प्लग काढून बघितला की तिसराच. मी पुस्तकातला धडा पाठ करून यावा आणि दत्तानं नुसती मान वाकडी करून तेच सांगावं, असं रोज व्हायचं.

मी जळायचो. किती, ते आता मोजून सांगता येईल. मामू त्याला "बेटा" म्हणायचे आणि मला "कॉलेज", हे मला दिवसाला दहादा टोचायचं. गिऱ्हाईक माझ्याशी बोलताना त्याच्याकडे बघायचं, ते टोचायचं. तो जेवायला बसला की मी त्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन चालू इंजिनला लावायचो. मला एकच मोठा घर्र ऐकू यायचा.

एकदा त्यानं मला तसं करताना पकडलं. हसला नाही. म्हणाला, "कॉलेज, असं करू बे. तू मला लिव्हायला शिकव, म्या तुला ऐकायला शिकवतो."

दुपारी जेवणानंतर अर्धा तास ठरला. मी पाटी नको म्हणालो, तरी तो हौसेनं पाटी घेऊन आला. त्याचं शिकवणं एका वाक्याचं होतं. "ऐक की."

"काय ऐकू?"

"ती सांगती ना. कुठं अडतंय, कुठं न्हाई."

"मला काही सांगत नाही."

"मधी मधी तू बोलतूस म्हणून."

माझं शिकवणं मात्र चाललं, कारण तो भराभरा शिकायचा. बाराखडी पंधरा दिवसांत आली. मराठी आकडे आले. मग तो इंग्रजी आकडे लिहायला शिकव म्हणाला, तेव्हा मी म्हणालो, "आधी हे पक्के होऊ दे." ते पक्के झालेले होते. पण त्याला हेही आलं तर माझ्याकडे काय उरणार, हे माझ्या डोक्यात आलं होतं. हे मी आज लिहितोय, तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हणालो नव्हतो.

त्या सुमारास एकदा बा बाजाराला आला होता, तो मला भेटायला गॅरेजात आला. माझा बाप नुसत्या खोकल्यावरून मेंढराचं दुखणं सांगतो. तो स्टुलावर बसला आणि दत्ताचं काम बघत राहिला. दत्ता एका गाडीपाशी वाकून ऐकत होता. बानं विचारलं, "काय ऐकतूस रं?"

"दम लागतोय हिला, बाबा. पन छातीतून न्हाई, घशातून."

बा एकदम खूश झाला. "आमच्याकडं बी तसंच असतंय. घशाचं वेगळं वाजतं, छातीचं वेगळं." दोघं अर्धा तास बोलत बसले. मी मध्ये दोनदा चहा आणला. जाताना बा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्या पोराला मेंढरं कळली असती बघ."

मी मान हलवली. मला मेंढरं कळत नाहीत म्हणून तर बानं मला शाळेत घातलं होतं. ते वाक्य माझ्या अंगात महिनाभर तापासारखं राहिलं.

मग आप्पा आले.

आप्पा परळीचे, किराणाचे व्यापारी, कपाळाला भस्म, पांढरा सदरा, आणि वडिलांपासूनची क्रीम रंगाची पद्मिनी. ते परळीहून इतक्या लांब आले त्याचं कारण होतं त्यांचा साडू. साडू धारूरला राहायचा आणि त्याच्याकडेही अशीच गाडी होती. दोघी बहिणींना घेऊन दोन्ही गाड्या धारूरच्या घाटाला लागल्या की साडू तिसऱ्या गिअरमध्ये वर जायचा आणि आप्पांना दुसरा टाकावा लागायचा.

"नुसता वर जात न्हाई मामू," आप्पा म्हणाले. "वर जाऊन थांबतो. बॉनेटवर बसतो. मी पोचलो की इचारतो, आप्पा, बैल पाणी प्यायला थांबलं होतं का?"

दत्ता खो खो हसला. मामू हसले नाहीत. त्यांचा नियम होता की नवी ताकद भरायच्या आधी जुनी कुठं सांडतेय ते बघायचं. ते गाडीत बसले, ॲक्सिलरेटर दाबला, खाली वाकून बघितलं आणि आप्पांना बोलावलं. पेडलच्या खाली घडी करून घातलेली जाड सतरंजी होती.

"ये क्या है आप्पा?"

"मंडळींनी घातली. पायाला गरम लागतं म्हणून."

"पेडल पूरा दबताच नहीं. एक चौथाई ताकद भाभी के सतरंजी के नीचे है."

सतरंजी काढली. आप्पा बायपासवर चक्कर मारून आले, खूश होते, पण तिसऱ्यात घाट चढण्याइतकी गाडी खूश नव्हती. तेव्हा हेड घासायचं ठरलं.

हेड उतरवलं. मामूंनी सिरिंजनं त्याच्या खोलगट जागेत तेल भरून किती मावतं ते मोजायला मला सांगितलं. मी मोजलं, वहीत सूत्र मांडलं, भागाकार केला, आधी एकदा घासलेलं हेड आहे म्हणून काही सोडून दिलं, आणि पाऊण तासानं उत्तर काढलं. चाळीस थाऊ. उठलो आणि सांगायला गेलो. मामू आणि दत्ता हेड उलटं धरून उभे होते. मामूंनी अंगठा फिरवला आणि दत्ताला विचारलं, "कितना लेंगा?"

दत्तानंही अंगठा फिरवला. "चाळीस. ह्याच्या वर सोसायचं न्हाई हिला, आधीच पातळ हाय."

मामू म्हणाले, "चालीस."

मी म्हणालो, "माझंही चाळीसच आलं." आणि वही पुढे केली.

मामूंनी कौतुकानं बघितलं. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं, ते उर्दू शाळेत शिकलेले. पण आप्पा वाकून म्हणाले, "आरं, ह्यांनी बोटानं सांगितलं. मग तू एवढी वही कावून भरली?"

सगळे हसले. मीही हसलो. हसणं ओसरल्यावर मामू म्हणाले, "आप्पा, ये गाडी दत्ता करेंगा. पूरी. हेड से लेके घाट तक. मैं हात नहीं लगाऊंगा."

मामूंनी असं आजवर कुणाला म्हटलेलं नव्हतं. आमच्या कामात याचा अर्थ असा की आजपासून हा मिस्त्री. पुढं गॅरेज कुणाचं होणार ते त्या एका वाक्यात सांगून झालं होतं. मी वही मिटली.

आता बीडच्या लेथबद्दल सांगायला हवं. आम्ही हेड घासायला बीडला पाठवायचो. लेथ चालवणारा नरसय्या तेलंगणातून आलेला. तिथं इतका आवाज की तोंडी सांगून उपयोग नाही, आणि कामांची रांग. म्हणून वस्तूला तारेनं चिठ्ठी बांधून ठेवायची, त्यावर आकडा. नरसय्या चिठ्ठीवरचा आकडा बघणार आणि तेवढं घासणार. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. काही महिन्यांपूर्वी मीच एक हेड घेऊन गेलो होतो आणि चिठ्ठीवर मराठीत ४ काढला होता. मी तिथंच उभा होतो म्हणून निभावलं. नरसय्यानं चिठ्ठी वर धरून दोन्ही हातांची मिळून आठ बोटं दाखवली. मी घाईघाईनं चार दाखवली. तो हसला आणि माझ्या कानाशी येऊन ओरडला, "इंग्लिश में लिखो!" तेव्हापासून मी चिठ्ठीवर कायम इंग्रजी आकडा घालायचो. ही गोष्ट मला आणि नरसय्याला ठाऊक होती. गॅरेजात मी सांगितली नव्हती, कारण त्यात माझी चूक होती.

चिठ्ठी लिहायचं काम माझंच असायचं. पण त्या सकाळी दत्ता म्हणाला, "आज चिठ्ठी म्या लिव्हणार."

तो खाली बसला, हात कापडाला पुसले, आणि जीभ दातात धरून लिहायला लागला. मामू काम थांबवून बघत होते. त्यानं लिहिलं, "४० थाऊ". त्याच्या आयुष्यातलं पाटीबाहेरचं पहिलं लिहिणं ते. थाऊचा दीर्घ ऊसुद्धा बरोबर होता. चार मात्र वरून थोडा मिटलेला होता.

त्यानं चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "बघ बे कॉलेज. बरोबर हाय ना?"

मी बघितली. मला नरसय्याची आठ बोटं दिसली. हे मी नंतर आठवून लिहीत नाही, त्याच क्षणी दिसली.

मी म्हणालो, "बरोबर आहे."

आणि ते बरोबरच होतं. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिलो. मास्तरानं विद्यार्थ्याची वही तपासली आणि उत्तर बरोबर होतं. यात माझं काय चुकलं?

दत्ता गोणीत हेड गुंडाळून एसटीनं गेला. मी कॉलेजला जायला हवं होतं, मी गेलो नाही. मनात येत होतं की नरसय्या विचारेल. बोटं दाखवेल. दत्ता तिथंच उभा राहील. पण दत्ताला गॅस्केट आणि पॉइंट घ्यायला बाजारात जायचं होतं, हेही मला माहीत होतं, कारण ती यादी मीच त्याच्याकडून तोंडपाठ करून घेतली होती. मामूंकडे नरसय्याचा नंबर होता. फोन टेबलावर होता. मी तो दोनदा उचलला आणि दोनदा दुसरंच काहीतरी बघून खाली ठेवला.

चारच्या सुमाराला दत्ता आला. गोणी न उघडताच म्हणाला, "मामू, कायतरी झालंय." वजनावरून त्याला कळलं होतं.

मामूंनी हेड काढलं. अंगठा फिरवायची गरजच नव्हती. एका कडेला पाण्याची वाट उघडी पडून करंगळीच्या नखाएवढं भोक दिसत होतं. तारेला चिठ्ठी तशीच होती. मामूंनी ती सोडवून उजेडात धरली.

"ये तो अस्सी है."

"चार हाय ते, मामू. चाळीस."

"आठ है बेटा."

"चार हाय. कॉलेजनं बघितलंय." तो माझ्याकडे वळला. "सांग की रं."

हीच ती वेळ होती. सकाळी मी नरसय्याबद्दल नुसता गप्प राहिलो होतो. आता मी बोललो.

मी म्हणालो, "आहे चारच. पण थोडा आठसारखा झालाय. नीट काढायला पाहिजे होता."

दत्तानं चिठ्ठी परत घेतली. पान्यावरचा आठ त्याच्या ओळखीचा होता. तो चिठ्ठीकडे बघत राहिला, आणि मला त्याच्या तोंडावर दिसलं की त्याला आता तिथं खरंच आठ दिसतोय. तो माझ्यावर चिडला असता तर मी कदाचित सगळं सांगून टाकलं असतं. तो चिडला नाही. म्हणाला, "म्या लिव्हलं. माझंच चुकलं."

मामूंनी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. भोकावर बोट ठेवून नुसते बसले. दुसऱ्या दिवशी आप्पा आले तेव्हा त्यांना हेड दाखवलं. ते ओरडतील असं वाटत होतं. ते हेड मांडीवर घेऊन बसले. "बाबांनी ही गाडी घेतली तेव्हाचं हाय हे," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "साडूला कळलं तर..." एवढंच बोलून थांबले. साडूसाठी हेड घासायला निघालेला माणूस मला त्या दिवशी माझ्यासारखाच वाटला. फरक एवढाच की त्यांनी कुणाला काही केलं नव्हतं.

दत्ताला कुणी काढलं नाही. पण दुपारची पाटी बंद झाली. मी एकदा म्हणालो, "चल, इंग्रजी आकडे घेऊ." तो म्हणाला, "राहू दे आता." पंधरा दिवसांनी तो यायचा थांबला. मामूंनी त्याच्या गावाला निरोप पाठवला, तो नगरच्या वाटेवरच्या कडा गावात कुणाकडे कामाला गेल्याचं कळलं.

मामूंनी भंगारातून दुसरं हेड मिळवलं. ते चाळीसनं घासून आणलं, चिठ्ठी माझ्या हातची. आणि गाडी माझ्याकडे आली. ज्यासाठी मी जळत होतो ते सगळं माझ्याकडे आलं. मामू मला एकदा "बेटा"सुद्धा म्हणाले. मी हेडमधल्या हवेच्या वाटा काचकागदानं घासून आरशासारख्या केल्या, कार्ब्युरेटरचे जेट पुस्तकाप्रमाणे बदलले, ठिणगीच्या पॉइंटचा गॅप पट्टीनं तीनदा मोजला. ठिणगीची वेळ अंशात लावली. मग मी आणि आप्पा घाटाला गेलो.

पायथ्यापासून तिसऱ्यात निघालो. पहिल्या दोन वळणांपर्यंत गाडी अशी गेली की आप्पा मांडीवर थाप मारून "हाण!" म्हणाले. तिसऱ्या वळणावर त्यांनी मान तिरकी केली.

"पोरा, हे काय वाजतंय?"

"काय?"

"ज्वारी सांडल्यागत."

मी कान दिला. मला एकच मोठा घर्र ऐकू येत होता. किराणाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला दाणे ऐकू येत होते आणि मला येत नव्हते. मी थांबलो, ठिणगीची वेळ दोन अंश मागे घेतली, पुन्हा निघालो. आता आवाज गेला, असं आप्पा म्हणाले, पण जीवही गेला. शेवटच्या वळणावर दुसरा टाकावा लागला.

वर पोचल्यावर आप्पा खाली उतरले. मग म्हणाले, "तो दुसरा पोरगा असता तर?"

"चढली असती," मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात मी खरं बोललो ते एवढंच.

त्या वर्षाअखेर मी गॅरेज सोडलं. मामूंना अभ्यासाचं कारण सांगितलं. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. इंजिनचा पेपर मला सगळ्यात चांगला जातो.

मध्यंतरी कानावर काही ना काही येत राहायचं. दत्ता कड्याला आहे. दत्तानं कुणाची तरी गाडी अशी केली की नगरहून लोक बघायला आले. आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना मी विचारलं, जुनी गाडी कुठून ट्यून करून आणली, तर म्हणाले, कड्याला एक पोरगा आहे, बॉनेट उघडून आधी दोन मिनिटं नुसता उभा राहतो. ते वर्गात माझ्या सूत्राला पैकीच्या पैकी गुण देणारे सर. मी त्यांच्या त्या गाडीच्या बाजूनं चालत गेलो तेव्हा इंजिन चालू होतं, आणि मी न थांबता पुढं गेलो. मी त्याचं नुकसान केलं होतं, आणि तरी जळत मीच होतो. हे कुणाला समजावून सांगता येईल असं मला वाटत नाही.

इथपर्यंत लेख लिहून झाला तेव्हा ठरवलं की छापायच्या आधी दत्ताला सांगायचं. त्याला वाचता येत होतं. हा लेखच त्याला पाठवावा असं मनात होतं; तोंडानं मला जमलं नसतं. त्याचा पत्ता हवा म्हणून गेल्या आठवड्यात मामूंना फोन केला. एवढ्या दिवसांनी फोन केला म्हणून ते रागावले, मग खूप बोलले. दत्तानं स्वतःचं गॅरेज टाकलं, परवाच. जागेचा करार करायचा होता, साक्षीदार म्हणून मामूंना बोलावलं होतं.

"बडा गॅरेज है कॉलेज, अपने से बडा. बीवी हिसाब-किताब लिखती. अच्छी है."

मी म्हणालो, बरं झालं. आणि मनापासून म्हणालो, की सवयीनं, ते मलाही कळलं नाही.

"लेकिन एक बात समझ में नहीं आई," मामू म्हणाले. "करार पे साइन करने की बारी आई, तो वो अंगूठा लगाया. मैं बोला, बेटा, तेरे को तो आता था, वो कॉलेज सिखाया था ना तेरे को? पेन दिया हात में. नहीं लिया. दो बरस से पेन को हात नहीं लगाया, बोलता."

"का?" मी विचारलं.

मामूंनी त्याचं वाक्य जसंच्या तसं, मराठीत सांगितलं.

"म्हनला, मामू, माझ्या हातचं लोकांला उलटं दिसतं."